न उतरणारी रेघ

७ फेब्रुवारी

लंबू,

तुझी ई-मेल मिळाली. उत्तर कागदावर देते आहे, कारण ई-मेलला तू नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा होतोस. कागदाला निदान तसं करता येणार नाही.

तू ही गाद्यांची कंपनी सोडून गेल्याला सव्वा वर्ष झालं. तेवढ्यात तुझा स्वतःहून एकही फोन नाही. मामीचा गुडघा बदलला तेव्हा नाही, मामा दहा दिवस खोकत पडला तेव्हा नाही. आणि आता एकदम 'ताई, कशी आहेस? एक छोटंसं काम होतं.' काम काय, तर तुमच्या विक्री विभागातल्या नव्या लोकांना तू शिकवणार आहेस. विक्रीचे आकडे चार जाणत्या माणसांपुढे मांडताना कोणता आलेख निवडावा, हा विषय. आणि त्यासाठी तुला माझ्या जुन्या स्लाइड हव्या आहेत, कारण 'तू काय भारी करायचीस, ताई!' म्हणे. हे वाक्य वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. कार्यालयात बसले होते, म्हणून गप्प राहिले.

स्लाइड मिळणार नाहीत. धडे हवे असतील तर घे.

पाय चार्टला चार-पाच फोडी पुरे. तू एकतीस विक्रेत्यांचा एक केला होतास, एकतीस रंगांचा. मालकांनी चष्मा काढून विचारलं होतं, "यात मी नक्की काय बघायचं?" आणि तू न डगमगता म्हणालास, "साहेब, आपला विस्तार." सगळे हसले आणि तू सुटलास. मग तू तो तिरपा करायला लागलास, जाड काठाचा, पुढे झुकलेला. झुकलेल्या चार्टात पुढची फोड मोठी दिसते, म्हणून आपल्या विभागाची फोड कायम पुढे. हे कोणाला कळत नाही असं तुला वाटायचं. मला कळायचं, कारण फिरवायला तू मलाच सांगायचास.

दुकानादुकानांची तुलना करायची तर साधे आडवे बार, मोठा वर, लहान खाली. महिन्यामहिन्याला काय झालं ते सांगायचं असेल तर रेघ. बारचा अक्ष शून्यापासूनच सुरू व्हायला हवा. नऊशेपासून सुरू केला की नऊशे वीस आणि नऊशे साठ यांच्यात उंदीर-हत्तीचा फरक दिसायला लागतो. तुझी एक अख्खी बढती त्या कापलेल्या अक्षावर उभी आहे, ते शिकवताना सांगायला विसरू नकोस. आणि स्लाइडच्या डोक्यावर 'मासिक विक्री आढावा' असलं काही लिहायचं नसतं. जे म्हणायचं आहे तेच लिहायचं. 'चार महिने विक्री घसरते आहे', असं. हे तू मला एकदाही करू दिलं नाहीस.

आता रेघ. ही नीट शिकव, यात तू पारंगत आहेस.

वीस महिन्यांपूर्वीची, जूनमधली विक्रेत्यांची सभा आठव. त्या वर्षी जानेवारीपासून गाद्यांची विक्री उतरत होती. अकराशे ऐंशी, अकराशे वीस, एक हजार साठ, नऊशे नव्वद, नऊशे तीस. हे जसंच्या तसं मांडलं असतं तर रेघ जिना उतरल्यासारखी खाली आली असती. म्हणून तू मला प्रत्येक महिन्यात आधीचे सगळे महिने मिळवायला लावलेस. आधी जानेवारी, मग जानेवारी-फेब्रुवारी मिळून, मग तिन्ही मिळून. अशी रेघ उतरूच शकत नाही. अख्ख्या महिन्यात एकही गादी गेली नाही, तरी ती फार तर आडवी होईल. तिला तू हिरवा रंग दिलास, एकतीस दुकानदारांपुढे उभा राहिलास आणि म्हणालास, "ही रेघ बघा. आता जो माल भरणार नाही, तो मागे राहणार."

मामाने दोनशे चाळीस गाद्या भरल्या. महिन्याला सात विकणाऱ्या माणसाने. खाली दुकान भरलं, मग जिना, मग वरच्या खोल्या. ज्या खोलीत आपण दोघं अभ्यास करायचो, तिथे आता छतापर्यंत प्लॅस्टिकमधल्या गाद्या आहेत आणि खिडकी दिसत नाही. मामी म्हणते, "घरात उभं राहायला जागा नाही, झोपायला मात्र हवी तेवढी." ती हसत म्हणते. मला हसू येत नाही.

आणि हे सगळं आज का लिहिते आहे, तर अठ्ठावीस तारखेला पुन्हा विक्रेत्यांची सभा आहे. कंपनीने नवा नियम केला आहे. वर्षभरात कंपनीकडून सगळ्यांत कमी माल उचलणाऱ्या तीन दुकानांची एजन्सी काढून घ्यायची. मामाने वर्षभरात एकही गादी उचललेली नाही. कशी उचलणार? आधीच्याच अजून जिन्यावर आहेत. तो यादीत सगळ्यांत खाली आहे, आणि ती यादी पडद्यावर दाखवणारा चार्ट मी करायचा आहे.

ताई

१३ फेब्रुवारी

लंबू,

'ताई, तू फार मनाला लावून घेतेस. मामा काही लहान मूल नाही. ऑर्डर त्याने स्वतः दिली होती.'

तीन वाक्यं. तीही ई-मेलवर.

बरोबर, मामा लहान नव्हता. लहान आपण होतो. आई-बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची आणि तू सहा. मामा-मामीने आपल्याला दुकानावरच्या खोलीत आणलं आणि त्याबद्दल आजतागायत चकार शब्द काढलेला नाही. तू ताडमाड वाढायला लागलास तेव्हा त्याला किती आनंद! गिऱ्हाईक विचारायचं, गादी लांबीला पुरेल का, की लगेच मामाची हाक, "लंबू, खाली ये, झोपून दाखव!" आणि तू शाळेच्या कपड्यांत, बुटांसकट आडवा. मामी बुटांवरून ओरडायची. पुढे आपल्या दोघांसाठी मालकांकडे शब्द टाकला तोही त्यानेच. तू विक्रीत गेलास, मी आकड्यांत. तो सगळ्यांना सांगायचा, एक बोलतो आणि एक मोजते.

आता इथे काय चाललंय ते ऐक. तुझ्या खुर्चीवर नवे साहेब आले आहेत. पाठीमागे सगळे त्यांना डॅशबोर्ड म्हणतात, कारण त्यांना सगळं एका पडद्यावर लागतं. काल मला बोलावून म्हणाले, "मॅडम, एकतीस दुकानं, आडवे बार, उतरत्या क्रमाने. खालचे तीन लाल करा. लाल पटकन डोळ्यात भरतं."

मी म्हटलं, "यातल्या एकाकडे मागचाच माल पडून आहे. म्हणून त्याने नवा घेतलेला नाही."

"ते चार्टमध्ये दिसतंय का?"

"नाही."

"मग ते नाहीच," असं म्हणून त्यांनी फोन उचलला.

तो माझा मामा आहे हे त्यांना ठाऊक नाही. सांगितलं तर 'घरचं प्रकरण' म्हणून माझं म्हणणं केराच्या टोपलीत जाईल. मी जागेवर आले आणि चार्ट केला. क्रमाने लावला. तीस दुकानांपुढे बार आहेत आणि एकतिसाव्यापुढे बारच नाही, नुसतं दुकानाचं नाव. त्या नावाला मी लाल रंग कसा दिला, ते माझं मला माहीत.

एजन्सी गेली तर दुकान गेलं. मामा सहासष्ट वर्षांचा आहे, चौतीस वर्षं एकाच कंपनीच्या गाद्या विकतो आहे, आता दुसरी कोणती कंपनी त्याला दारात उभं करणार?

तू एक करू शकतोस. मालकांना पत्र लिही. जूनच्या सभेत दुकानदारांना काय दाखवलं आणि ते का दाखवलं, एवढंच. तू तेव्हाचा विक्री प्रमुख, तुझ्या शब्दाला ते अजून मान देतात. तुला त्यांच्याकडून आता काही मिळवायचंही नाही. एक पान लिहायला तुला अर्धा तास लागेल. त्याची प्रत मला पाठव, म्हणजे तू खरंच लिहिलंस हे मला कळेल.

ताई

१९ फेब्रुवारी

लंबू,

'रेघेची कल्पना तुझी होती, ताई. मला कशाला त्यात ओढतेस?'

मी हे उत्तर चार वेळा वाचलं. इतका लांब हात आणि अंगावर आलं की पहिला वर करतोस!

हो, माझी होती. झालं समाधान?

पहिल्या पत्रात लिहिलं की तू मला ती करायला लावलीस. ते खोटं आहे. तू फक्त म्हणाला होतास, "आकडे पडलेत, वर जाणारं काहीतरी दे." वीस महिने मी स्वतःची समजूत घालत आले की मी आधी नकार दिला होता. मी नकार दिलाच नव्हता. मी म्हणाले होते, "थांब, दहा मिनिटं दे." आणि दहा मिनिटांत महिने एकात एक मिळवून ती रेघ पडद्यावर आणली. तू म्हणालास, "ताई, तू जादूगार आहेस," आणि मी दिवसभर फुशारकीत फिरत होते. कोणी मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी आकडे लावणारी बाई, माझ्या टेबलाकडे लोक फक्त स्टेपलर मागायला येतात.

तेव्हा माझा राग तुझ्यावर आहे तसाच माझ्यावर आहे. पण मी वाटेकरी झाले म्हणून तुझा वाटा कमी होत नाही. ती रेघ मी काढली. ती खरी समजून माल भरा, असं एकतीस माणसांना तोंडाने सांगितलं ते तू. त्यावर सहा महिन्यांत दुसऱ्या शहरात मोठ्या पदावर गेलास तोही तूच. मी इथेच राहिले. दर रविवारी मामाकडे जाते आणि गाद्यांना खेटून जिना चढते.

पत्र लिहिणार नाहीस हे कळलं. ठीक आहे. मी काय करते आहे ते सांगते, म्हणजे नंतर 'मला बोलली नाहीस' असं व्हायला नको.

कंपनीचा 'विक्री'चा आकडा म्हणजे काय, हे तुला माहीत आहेच. गोदामातून ट्रकमध्ये चढलेला माल. तो पुढे कोणाच्या पाठीखाली गेला की दुकानाच्या जिन्यावर पडला, त्याच्याशी आपल्या चार्टला देणंघेणं नसतं. पण प्रत्येक गादीला एक हमीपत्र शिवलेलं असतं. गिऱ्हाईक त्यावर नाव आणि तारीख लिहितं, दुकानदार शिक्का मारतो आणि अर्धा भाग टपालाने आपल्याकडे येतो. इथे ते कोणी उघडून बघत नाही. पोत्यांत भरून तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत टाकतात. बहुतेक दुकानदार ते काम गिऱ्हाइकावर सोडतात आणि गिऱ्हाईक घरी गेल्यावर विसरतं. मामा तसं करत नाही, तुला आठवत असेल. तो गिऱ्हाइकाकडून तिथल्या तिथे भरून घेतो, शिक्का मारतो आणि दर शनिवारी स्वतः जाऊन टपालात टाकतो.

म्हणजे मामाने खरोखर विकलेली प्रत्येक गादी त्या पोत्यांत तारखेसकट पडलेली आहे. गेले चार दिवस जेवणाच्या सुट्टीत मी त्या खोलीत बसते. धुळीने शिंकून शिंकून नाक लाल झालंय. खालच्या पहारेकऱ्याने विचारलं, "मॅडम, काही हरवलंय का?" मी म्हटलं, एकतिसावा बार हरवलाय. त्याने मान डोलावली आणि एक जास्तीचा दिवा लावून दिला.

ताई

२४ फेब्रुवारी

लंबू,

तुझा फोन आला, मी मध्येच ठेवला, म्हणून हे.

हमीपत्रं लावून झाली. जूनच्या सभेपासून आजपर्यंत मामाची एकशे एकेचाळीस. सात, सहा, आठ, सात, नऊ, सात, पाच, आठ. वीस महिन्यांत एकही महिना कोरा नाही. दोनशे चाळिसांतून वजा केली की नव्व्याण्णव उरतात. रविवारी मी जिन्यापासून वरच्या खोलीपर्यंत गाद्या मोजल्या, त्याही नव्व्याण्णवच निघाल्या. इतक्या वर्षांत माझा चार्ट पहिल्यांदाच कोणाच्या घराशी जुळला.

तू म्हणालास, "नोकरी घालवून बसशील. मी मामाला माझ्याकडे घेऊन येतो, आता त्याने आराम करावा." मामाला आराम नको आहे रे, दुकान हवं आहे. आरामाचे त्याच्याकडे नव्व्याण्णव नग पडून आहेत.

आणि 'कोणालाही न दुखवता करता येईल असं काहीतरी बघ' हा सल्ला तू तुझ्या वर्गाला दे. मला नको.

ताई

१ मार्च

लंबू,

काल सभा झाली. तुला दुसरीकडून कळलंच असेल, पण दुसरीकडून तुला सोयीचं तेवढंच कळतं, म्हणून मी सांगते.

खालच्या मजल्यावरचं तेच सभागृह, त्याच निळ्या खुर्च्या. एकतीस दुकानदार, पुढच्या रांगेत मालक, बाजूला डॅशबोर्ड. मामा मागून दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. यादीत तो तळाला आहे हे त्याला आधी कळवलेलं होतं. मामीने डबा दिला होता, तो मांडीवर धरून बसला होता.

डॅशबोर्डांनी एकतीस दुकानांची स्लाइड लावली. लाल नावं वाचायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मी म्हटलं, "पुढे आणखी एक स्लाइड आहे," आणि बटण दाबलं. संगणकापाशी मीच होते.

त्या स्लाइडवर एकच दुकान, नाव न घालता. वीस महिने. प्रत्येक महिन्याला शेजारी शेजारी दोन बार: कंपनीने दुकानाला पाठवलेल्या गाद्या आणि दुकानाने गिऱ्हाइकाला विकलेल्या गाद्या. अक्ष शून्यापासून. पाठवलेल्यांचा पहिला बार दोनशे चाळीसचा, पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत, आणि पुढे एकोणीस महिने काही नाही. विकलेल्यांचे बार बोटभर उंचीचे, पण दर महिन्याला आहेतच. स्लाइडच्या डोक्यावर मी लिहिलं होतं: 'या दुकानाची विक्री थांबलेली नाही. आपण त्याच्याकडे तीन वर्षांचा माल एकदम टाकला.'

डॅशबोर्ड म्हणाले, "मॅडम, हे आजच्या विषयात नाही."

मालक म्हणाले, "राहू द्या. मला बघू द्या."

मग मी बोलले. तुझ्यासारखं मला बोलता येत नाही. जूनमधली हिरवी रेघ मी पुन्हा लावली आणि तिच्याखाली त्याच महिन्यांचे सुटे आकडे लावले, उतरणारे. सांगितलं, की ही वरची रेघ कधीच उतरू शकत नाही, ती तशीच बनवलेली असते, आणि तुम्ही ती बघून माल भरलात. त्या वेळी विक्री पडत होती. हे आम्हाला माहीत होतं.

मला वाटलं, संपलं. आणि मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मामा उभा राहिला. डबा हातातच.

"ते एक दुकान माझं आहे," तो म्हणाला. "नव्व्याण्णव शिल्लक आहेत. बायको जिन्यावरून तिरकी होऊन उतरते."

त्याच्या पुढे बसलेला एक जाडजूड दुकानदार वळून म्हणाला, "अहो, तुमच्या नव्व्याण्णवचं काय घेऊन बसलात? माझ्याकडे दोनशे दहा आहेत. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

"माझ्याकडे साठ."

"मी तर भाड्याने खोली घेतली ठेवायला. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हाला विकताच येत नाही."

बघता बघता पंधरा-वीस माणसं उभी राहिली. वीस महिने प्रत्येक जण आपल्या घरात तोंड लपवून बसला होता, कारण बाकीच्या तीस जणांचा माल खपतोय अशी प्रत्येकाची खात्री होती. त्या रेघेत तसंच दिसलं होतं ना! मला तेव्हा इतका संताप आला, की मी पाणी प्यायला म्हणून खाली वाकले आणि दोन मिनिटं वर बघितलं नाही.

मालकांनी विचारलं, "ती हिरवी रेघ कोणी केली होती?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"केली मी," मी म्हणाले.

तुझं नाव घेतलं नाही. तुला वाचवलं असं समजू नकोस. तुझं नाव घेतलं असतं तर सगळ्यांनी गेलेल्या माणसावर खापर फोडलं असतं आणि हात झटकून चहाला गेले असते. मला ते नको होतं.

एजन्सी काढायचा नियम मागे घेतला. पडून असलेला माल कंपनी परत नेणार, मामापासून सुरुवात. मामाचं दुकान राहिलं. माझ्याकडून चार्टांचं काम काढून घेतलं आहे. उद्यापासून मी तक्रार विभागात, फाटलेल्या गाद्यांची पत्रं उघडायची. डॅशबोर्ड जाताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं." मी त्यांना सांगितलं होतं, पण ते चार्टमध्ये दिसत नव्हतं.

मामा माझ्याशी न बोलता निघून गेला. गर्दी होती, असं मी धरून चालले आहे.

ताई

९ मार्च

लंबू,

गर्दीमुळे नव्हतं.

आज सकाळी कंपनीचा ट्रक मामाच्या दारात लागला. मी रजा टाकून गेले होते. दोन हमाल वरून एकेक गादी उतरवत होते, मामी प्रत्येक गादीमागे 'सांभाळून, भिंतीला लागेल' म्हणत होती. अकरा वाजेपर्यंत आपली अभ्यासाची खोली रिकामी झाली. खिडकी उघडायला गेले तर कडी गंजून बसली होती, हमालाने ठोकून उघडून दिली. मामी त्या मोकळ्या खोलीच्या मध्यावर जाऊन उभी राहिली आणि रडली. मग लगेच झाडू मागितला.

मामा खाली होता. ट्रक गेल्यावर मी त्याच्यापाशी गेले. मला वाटत होतं, आता तो काहीतरी बोलेल. बरं केलंस म्हणेल. लंबूला चार शिव्या देईल. मी त्यासाठी अगदी तयार होते, तुझ्याबद्दल काय काय सांगायचं तेही ठरवून गेले होते.

एक गोष्ट मी तुला कुठल्याच पत्रात लिहिलेली नाही. सभेतही बोलले नाही. वीस महिन्यांपूर्वी, त्या जूनच्या सभेत, जेवणाच्या सुट्टीत मी हात धूत होते आणि मामा शेजारच्या नळावर आला. ऑर्डरचा कागद त्याच्या खिशात होता, कोराच. तो मला म्हणाला, "बाई, ती रेघ तुझ्या हातची आहे ना? खरी आहे ना?"

मी म्हणाले, "आकडे खरे आहेत, मामा."

आणि आकडे खरेच होते. एकही आकडा मी बदलला नव्हता. मामाने हात पुसले, आत गेला आणि दोनशे चाळीस लिहून आला.

आज तो गल्ल्यामागे उभा होता, माझ्याकडे न बघता शिक्क्याची शाई भरत होता. म्हणाला, "तुला विचारलं होतं मी."

मी म्हटलं, "मामा, तेव्हा लंबूने—"

"लंबूचं नाव काढू नकोस. तो माल खपवायला उभा होता. त्याला मी विचारलं का काही? माल खपवणाऱ्याला कोणी विचारतं का, बाबा रे, खरं काय म्हणून? चौतीस वर्षं मी हेच करतोय, मला माहीत आहे. मी तुला विचारलं. बाजूला घेऊन विचारलं."

तो पुढे म्हणाला, "त्या दिवशी सभेत बोललीस ते चांगलं केलंस. दुकान वाचलं, मामीचं घर मोकळं झालं. पण मी घरी आलो आणि तेव्हापासून एकच डोक्यात आहे. तू 'खरं आहे' म्हणतेस तेव्हा आता मी काय समजायचं?" मग शिक्क्याचं झाकण लावलं आणि अगदी हळू म्हणाला, "काही दिवस येऊ नकोस इकडे. मी बोलावीन."

मामी पायऱ्यांवर उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती मध्ये पडली नाही. मी चपला घातल्या आणि निघाले. दर रविवारी तिथे जाणारी मी, येत्या रविवारी काय करायचं ते मला माहीत नाही.

हे मी तुला का लिहिते आहे, ते सांगते. इतकी पत्रं मी तुला शिव्या घालत लिहिली आणि माझी अशी ठाम समजूत होती की मामाचाही राग तुझ्यावरच निघेल, आणि निघायलाच हवा. तो तुझ्यावर रागावलेला नाही, लंबू. जरासुद्धा नाही. तू खरं सांगशील असं त्याने धरलंच नव्हतं, मग रागवायचं कशावर? तुझा फोटो अजून गल्ल्यावर आहे, तो गादीवर झोपून दाखवतानाचा.

तू कधीही इकडे ये. मामा तुला मिठी मारेल, किती बारीक झालास म्हणेल. मामी चहा टाकेल. दोघं तुझ्या नोकरीबद्दल ऐकतील आणि माना डोलावतील. आणि परत जाईपर्यंत, तू पूर्ण एक महिना राहिलास तरी, त्यांच्यातलं कोणीही तुला एकही गोष्ट खरी आहे का म्हणून विचारणार नाही.

ताई